त्रिशलाची चाल

पाव्हण्यांना रीतभात ठाऊक नाही, हे चंपाक्कांचं मत लग्नाच्या पंगतीपासूनचं होतं. पण या वेळी त्यांनी कळसच गाठला. पोर, त्रिशला, जाऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत श्रेणिक हेरवाडे नावाच्या त्यांच्या जावयाचं पाऊल एकदाही हुपरीला लागलं नाही. फोन केला तर "कामात आहे, आक्का" एवढं बोलून मोकळा. आणि आता पाठवलं काय, तर स्वतःच्या स्वयंपाकघरातला वापरून टाकलेला इंटरनेटचा डबा. तोही वर्तमानपत्रात गुंडाळून, दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती. डब्यावर फोडणीचे शिंतोडे जसेच्या तसे होते. त्रिशलाच्याच हातच्या फोडणीचे असतील, म्हणून चंपाक्कांनी ते पुसले नाहीत. पण पाठवणाऱ्याला मनातल्या मनात जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं.

गरज होती हे खरं. त्यांच्या घरातला जुना डबा चौदा वर्षांचा. नभजाल कंपनीनं एक तारखेपासून असल्या डब्यांची सेवा बंद केली आणि दिवा जो लाल झाला तो लालच राहिला. चंपाक्कांना इंटरनेटशी काही देणंघेणं नव्हतं, पण सून अक्षता घरात बसून तिरुपूरच्या कारखान्यातले शर्ट तपासायची. तिकडं पट्ट्यावरून शर्ट सरकायचे, इकडं पडद्यावर बघून ही उसवलेली शिवण दाखवायची. मुलगाही त्याच कारखान्यात, तिरुपूरलाच. दिवा लाल झाल्यापासून अक्षता शेजाऱ्यांच्या माडीवर स्टूल टाकून काम करत होती, आणि आपल्या घरची सून लोकांच्या माडीवर बसते हे चंपाक्कांच्या डोक्यात जात होतं.

तेव्हा त्यांनी स्वतः कंपनीला फोन लावला. तिकडून यंत्राचा बाईसारखा गोड आवाज आला. चंपाक्कांनी त्या आवाजाला सात पिढ्यांचं ऐकवलं. आवाज म्हणाला, "आपली भावना आम्ही समजतो."

"भावना ऱ्हाऊ दे तिकडं. डबा पाठव."

आवाजानं सांगितलं की नवा डबा आपल्या भागाचा एजंट आणून देईल. भागाचा एजंट म्हणजे जयसिंगपूरचा, म्हणजे जावईच. घरोघर केबल ओढत हिंडणारा हा माणूस दहा वर्षांत पंचवीस गावांचा एजंट झाला होता. कंपनीचे नवेकोरे डबे त्याच्या दुकानात छताला टेकतील एवढे रचलेले होते. ते परक्या गिऱ्हाइकांना. सासुरवाडीला हा.

*

डबा अक्षतानं पुढच्या खोलीतल्या फळीवर बसवला, वायर जोडली, दिवा हिरवा झाला. ती कामाला बसणार एवढ्यात चंपाक्का स्वयंपाकघरातून चहा घेऊन बाहेर आल्या, आणि डबा बोलला.

"नमस्कार, त्रिशला. आपण दोनशे चाळीस दिवस घरी नव्हता."

चंपाक्कांनी हातातली कपबशी खाली ठेवली. अक्षता वायर उपटायला धावली. चंपाक्कांनी तिचं मनगट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, हे काय हाय ते मला कळेल असं सांग.

अक्षतानं सांगितलं ते असं. डब्यातून निघालेल्या लहरी फोनपाशी जाऊन थांबत नाहीत. त्या भिंतींवर, भांड्यांवर, माणसांवर आपटून परत येतात. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच, त्यामुळं ते या लहरींना अडवतं, वळवतं. माणूस हलला की परत येणाऱ्या लहरींची ठेवण बदलते. पूर्वीचे डबे या बदलाला नुसता गोंधळ समजून टाकून द्यायचे. पुढं कुणाच्या तरी ध्यानात आलं की हा गोंधळ नीट वाचला तर घरात कोण, कुठं, काय करतंय ते कळतं. कॅमेरा लागत नाही, अंगावर काही बांधावं लागत नाही, मधे भिंत असली तरी चालतं. चालताना कंबर किती कलते, टाच किती वेळ टेकते, हात किती झुलतो यावरून डबा महिनाभरात घरातली माणसं शिकतो. माणूस स्वस्थ पडलेला असला तर छाती वरखाली होते, तेसुद्धा त्याला दिसतं. म्हाताऱ्या माणसांसाठी हे चांगलं म्हणून अशा डब्यांचा खप फार झाला. कुणी पडलं तर डबा लगेच घरच्यांच्या फोनवर कळवतो.

चंपाक्कांची शाळा दुसरीपर्यंतच झाली होती, पण चाळीस वर्षं त्यांनी या घरात चांदीच्या पैंजणांचा कारखाना चालवला होता. पंधरा बायका कड्या जोडत बसायच्या. माल तयार झाला की पोरींच्या पायात घालून त्यांना चालवायचं, आणि आत भाकरी थापता थापता चंपाक्का सांगायच्या, ही सुमन, ही शालन, ही फरशीवर जपून चालणारी कोण नवीन आलीय.

"म्हंजे पैंजण नसताना पैंजण ऐकतो म्हण की," त्या म्हणाल्या. "पर मला त्रिशला का म्हणतोय?"

"तुमची चाल तिच्यासारखी आहे, आत्ती. डावा पाय जरा बाहेर टाकता दोघी. कंबरेचं हाड सारखं असणार."

"ती बेचाळीसची, मी सत्तरची. वय कळंना का त्याला?"

अक्षता म्हणाली, आजारपणातून उठलेलं माणूस मंद चालतं, म्हणून डब्याला तेवढी सूट शिकवलेली असते. त्याला वाटतंय, त्रिशला आजारी होती आणि बरी होऊन घरी आली.

चंपाक्कांनी चहा पिऊन टाकला. तो गार झाला होता.

पुढचे चार दिवस त्यांना अंगणात फार कामं निघाली. तुळशीला पाणी घालून झालं की फाटक लावायचं राहिलेलं असायचं, फाटक लावलं की वाळत घातलेल्या मिरच्या बघायच्या असायच्या. बाहेर बराच वेळ गेला तरच डबा पुन्हा नमस्कार घालतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या आत यायच्या, डबा म्हणायचा, "नमस्कार, त्रिशला," आणि त्या हळू आवाजात "आले गं" म्हणायच्या. अक्षताला हे दिसत होतं. एरवी सासूनं तिच्या भाकरीच्या कडेवरून रोज एक तरी टोमणा मारायचा असा नेम होता. या चार दिवसांत एकही आला नाही, आणि अक्षताला त्याचीच भीती वाटायला लागली.

*

त्रिशला गेली त्या दिवसाबद्दल श्रेणिकनं सांगितलं होतं ते सगळ्या गावाला पाठ होतं. बावीस फेब्रुवारीला तो सांगलीला, कंपनीच्या बैठकीला गेला होता. दुपारी साडेबाराला परत आला तर ती स्वयंपाकघरात पडलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. श्रेणिकनं तेव्हा सासूचे पाय धरून सांगितलं होतं, "क्षणात गेली, आक्का. तिला काही कळलंसुद्धा नाही."

त्या एका वाक्यावर चंपाक्का आठ महिने जगल्या होत्या. रडायला आलं की ते वाक्य काढायच्या आणि पुन्हा आत ठेवून द्यायच्या.

पाचव्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर त्यांनी अक्षताला जवळ बसवलं आणि विचारलं, ह्यात तिचा त्या दिवसाचा काय मागमूस असंल का?

असेल, अक्षता म्हणाली, पण पाव्हण्यांनी पुसलं असेल. मागं एक बारीक बटण असतं, ते टाचणीनं दाबून धरलं की डबा कोरा होतो. मग तिनं खात्री करायला पडद्यावर काहीतरी उघडलं आणि तिचा चेहरा बदलला. बटणानं पासवर्ड पुसला गेला होता, घराचा पत्ता पुसला गेला होता. माणसांच्या नोंदी तशाच होत्या. असले डबे आले तेव्हा लोक घाबरले होते, की नवरे बायकांवर पाळत ठेवतील, सासवा सुनांवर. म्हणून सरकारनं नियम काढला: ज्याची चाल, त्याची नोंद. एखाद्या माणसाची नोंद, तेव्हा घरात आणखी कोण कुठं होतं त्यासकट, त्याच्याच चालीनं उघडायची आणि त्याच्याच सांगण्यावरून पुसायची. एजंटाला नाही, कंपनीला नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. श्रेणिकनं आयुष्यभर केबली ओढल्या, पण डब्याबरोबर येणारं पुस्तक कधी उघडून पाहिलं नव्हतं.

"म्हंजे मी चालले तर उघडंल."

"आत्ती, नको. जे कळेल ते परत विसरता येणार नाही."

चंपाक्का उठल्या. फळीपासून दारापर्यंत आणि दारापासून फळीपर्यंत चालल्या. डब्यानं विचारलं, "त्रिशला, काय मदत करू?"

"बावीस फेब्रुवारीला," चंपाक्का म्हणाल्या, "सकाळच्याला मी कुठं होते?"

डबा सरळ सांगत गेला. बातम्या वाचाव्यात तसा. अकरा वाजून सहा मिनिटांनी आपण स्वयंपाकघरात जमिनीवर गेलात. पडल्याची सूचना श्रेणिक यांच्या फोनवर पाठवली. त्यांनी "काही नाही" हे बटण दाबलं.

अक्षतानं घाईनं मधेच सांगितलं, की याचं फार मनाला लावून घेऊ नये. हे डबे खुर्ची-टेबलावरच्या माणसांच्या देशात शिकलेले. आपली बाई पापड लाटायला, भाजी निवडायला भुईवर बसली की यांना ती पडली असं वाटतं. त्रिशलाताईंच्या नावावर पडल्याच्या सूचना शेकड्यांनी आहेत, आणि प्रत्येकीला उत्तर एकच, "काही नाही". अशानं कुणाचाही हात सवयीनं जातो. पुढच्या डब्यांत ही चूक काढली होती. स्वतः एजंट असून त्यानं घरातला बदलला नाही, एवढाच त्याचा दोष.

चंपाक्कांनी मान हलवली. सांगलीत बैठकीत बसलेला, फोन वाजला, सवयीनं बोट गेलं. हे त्या सोसू शकल्या असत्या. त्यांनी स्वतः नाही का कितीदा कुकरच्या शिट्टीकडं दुर्लक्ष केलं.

"फुडं?"

"अकरा वाजून नऊ मिनिटांनी श्रेणिक पुढच्या खोलीतून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. एक मिनिट चाळीस सेकंद उभे राहिले. नंतर पुढच्या खोलीत जाऊन बसले."



"मी?"

"आपण जमिनीवरच होता. श्वासाची शेवटची नोंद अकरा वाजून बावन्न मिनिटांची आहे. साडेबाराला श्रेणिक पुन्हा आत आले."

चंपाक्कांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. चांदीच्या कड्या मोजायची ती त्यांची जुनी रीत होती. सहापासून बावन्नपर्यंत. मग पुन्हा एकदा मोजलं, कारण पहिल्यांदा आलेला आकडा त्यांना मोठा वाटला. दोन्ही वेळा सेहेचाळीसच आला. सेहेचाळीस मिनिटं त्यांची पोर फरशीवर श्वास घेत होती आणि तिचा नवरा सांगलीला नव्हता, एका भिंतीपलीकडं खुर्चीवर होता.

त्या रडल्या नाहीत. आत गेल्या, सकाळीच घासलेली पितळेची परात काढली आणि चिंच लावून पुन्हा घासायला बसल्या. अक्षतानं शेजारी बसून दुसरी ओढली. त्या दुपारी दोघी सासूसुनांनी घरातलं सगळं पितळ घासून काढलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला. आवाजात साखर. म्हणाला, चुकून जुना डबा आला तुमच्याकडं, मला लाज वाटते, आजच माणूस पाठवतो, नवाकोरा लावून देईल आणि जुना घेऊन जाईल. एवढी घाई का सुटली ते अक्षताला कळलं. त्याच्या घरी नवा डबा बसला होता, आणि त्या डब्यानं श्रेणिकला विचारलं असणार की त्रिशला यांची नोंद जुन्या उपकरणातच राहिली आहे, ती कुठं आहे?

चंपाक्कांनी त्याच्याहून जास्त साखर घातली. माणूस नको, म्हणाल्या, तुमीच या. आठ महिनं झालं, जावयाचा पाय लागला नाही घराला. रविवारी जेवायला या आणि जाताना डबा घेऊन जावा. मग सहज विचारावं तसं विचारलं, की पाव्हणं, त्या दिवशी तुमी किती वाजता पोचलासा म्हणायचं घरी?

"साडेबाराला, आक्का. सांगलीहून. किती वेळा सांगू?"

"असू दे. म्हाताऱ्या माणसाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

फोन ठेवला आणि त्या सुनेला म्हणाल्या, आता नोंदीची नक्कल काढून ठेवायची, तो डबा नेऊन विहिरीत टाकायच्या आत. अक्षतानं कंपनीला फोन लावला. तोच गोड आवाज. आवाज म्हणाला, नक्कल फक्त त्या व्यक्तीलाच मिळेल, कृपया उपकरणासमोर दहा पावलं चाला.

चंपाक्का चालल्या. पावलं मोजली नाहीत. शाळेतून येताना त्रिशला त्यांच्या मागं मागं चालायची, त्यांच्या पावलात पाऊल टाकत. आज त्या तिच्या पावलात पाऊल टाकत होत्या.

"ओळख पटली," आवाज म्हणाला. "धन्यवाद, त्रिशला हेरवाडे. आपण बोलत आहात त्याच फोनवर नक्कल पाठवली आहे. आपल्या एजन्सीचं वार्षिक नूतनीकरण बाकी आहे. एजन्सी पुढं ठेवायची असल्यास 'चालू' म्हणा, नको असल्यास 'बंद' म्हणा."

सासूसुना एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग चंपाक्कांना आठवलं. दहा वर्षांपूर्वी कंपनीनं महिला उद्योजक म्हणून काही एजन्सी बायकांसाठी राखून ठेवल्या होत्या, आणि श्रेणिकनं त्रिशलाला पुढं करून ही मिळवली होती. फोटोसुद्धा निघाला होता, त्रिशलाच्या हातात गुच्छ आणि हा मागं. नाव तिचं, गल्ल्यावर हा. ती गेल्याचा दाखला नगरपालिकेत होता, कंपनीला तो कुणी दाखवलाच नव्हता. कंपनीच्या लेखी त्रिशला अजून एजन्सी चालवत होती, रोज सकाळी तिच्या नावानं मालावर सह्या होत होत्या.

अक्षतानं फोनवर हात ठेवला. "आत्ती, नुसती नक्कल घेऊ या. हे पुढचं नको. ही फसवणूक होईल."

"फसवणूक कुणी केली? मी निस्ती चालले."

"पंचवीस गावांची सेवा बंद पडेल."

हे मात्र चंपाक्कांनी विचारून घेतलं. आवाजानं सांगितलं, ग्राहकांना काही त्रास होणार नाही, नवा एजंट नेमेपर्यंत कंपनी थेट सेवा देईल. फक्त दुकानाला लावलेलं कंपनीचं कुलूप, माल आणि सगळे परवाने त्याच क्षणी बंद होतील.

चंपाक्का खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्यामागं त्यांनी कारखाना चालवला, दोन पोरं वाढवली, कुणाचं खोटं खाल्लं नाही आणि कुणाला खोटं बोलल्या नाहीत. आता त्या मेलेल्या लेकीच्या तोंडानं बोलणार होत्या. त्यांनी त्यावर जेवढा विचार करायचा तेवढा केला. तो फार वेळ चालला नाही.

"बंद," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"रविवारी दुपारी बाराला."

"कृपया कारण सांगा."

"नवरा नालायक निघाला."

"नोंद केली आहे. आपल्या प्रतिसादाबद्दल आभार," आवाज म्हणाला.

अक्षताला नको असताना हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. चंपाक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, हे पहिल्यांदाच झालं.

*

रविवारी श्रेणिक अकराला आला. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, बगलेत नव्या डब्याचं खोकं. त्यानं उंबरा ओलांडला आणि फळीवरून आवाज आला, "नमस्कार, श्रेणिक."

तो जागच्या जागी थांबला. चंपाक्का म्हणाल्या, वळखतंय की तुमाला, बसा.

त्यांनी त्याला पाटावर बसवलं आणि वाढलं. त्यांच्या घरातून कुणी उपाशी उठलं नव्हतं, आजही उठणार नव्हतं. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी. त्याला घास जात नव्हता, पण आग्रह चालू होता, आणि सासूच्या आग्रहाला नको म्हणायची त्याची हिंमत नव्हती. हात धुऊन झाले, सुपारी दिली, आणि मग चंपाक्कांनी अक्षताला खूण केली. तिनं नक्कल लावली. अकरा सहा. अकरा नऊ. एक मिनिट चाळीस सेकंद. अकरा बावन्न.

ऐकताना तो फळीकडं बघत राहिला. संपल्यावर म्हणाला की असल्या यंत्रावर विश्वास ठेवू नका, आक्का, मी रात्रंदिवस यांच्यातच असतो, डबे चुकतात. तिच्या चालीशिवाय ही नोंद उघडत नाही, म्हणजे हाच डबा तुम्हाला त्रिशला समजला. आता बोला.

"मला चुकला," चंपाक्का म्हणाल्या. "तुमाला चुकला न्हाई. आत आलासा तेव्हा नाव घेतलं न्हवं त्यानं?"

तो शर्टाच्या बाहीचं बटण काढायला लागला, लावायला लागला. मग एकदम सगळं बाहेर आलं, तुटक, अडखळत. सकाळी भांडण झालं होतं. नवीन डबा घरात का लावत नाही म्हणून, साधं भांडण. त्रिशला म्हणाली होती, हा सारखा मी पडले पडले म्हणतो, शरम वाटते, बदल की. तो म्हणाला होता, गिऱ्हाइकांचा माल घरात लावत नसतात. शब्दाला शब्द वाढला. सांगलीची बैठक त्यानं रागातच टाळली आणि पुढच्या खोलीत बसून राहिला. फोन वाजला, त्यानं बटण दाबलं. मग आतून काही आवाज येईना, म्हणून बघायला गेला. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"ती रुसली की तशीच पडायची, आक्का. तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, नाटक करतेय. मी दारात उभा राहिलो. म्हटलं, हाक मारली तर मीच हरलो. म्हटलं, बघू किती वेळ पडते." त्यानं तोंड पुसलं. "नंतर कळल्यावर... कुणाला काय सांगणार होतो? घरात असून कळलं नाही म्हणून? म्हणून सांगली सांगितली."

चंपाक्कांनी त्याच्याकडं नीट बघितलं. खोटं बोलत नव्हता. हे त्यांना फार जड गेलं. आठ दिवस त्या एका खुन्याची वाट बघत होत्या आणि समोर बसला होता एक मानी माणूस, ज्यानं हाक मारली नाही. मानी माणसं त्यांना चांगली कळत होती. त्या स्वतः तसल्याच होत्या. म्हणूनच त्यांच्यात दयेचा जो एक थेंब उठला होता तो उठला तिथंच आटला.

भिंतीवरच्या घड्याळात बारा झाले. श्रेणिकचा फोन वाजला. तो घेईपर्यंत दुसरा वाजला, मग तिसरा. दुकानातली माणसं होती. कुलूप उघडत नव्हतं, मालाच्या याद्या उघडत नव्हत्या, गाड्या अर्ध्या वाटेवर थांबल्या होत्या. त्यानं कंपनीचा निरोप उघडला आणि वाचला. एजन्सीधारक त्रिशला हेरवाडे यांच्या विनंतीवरून. त्यानं पुन्हा वाचला. मग त्याची नजर हळूहळू फोनवरून सुटली आणि चंपाक्कांच्या पायांकडं गेली.

"आक्का, तुम्ही," तो म्हणाला. "मी कंपनीला कळवीन. हे खोटं आहे म्हणून कळवीन."

चंपाक्का उठून उभ्या राहिल्या. अक्षता दाराला टेकून होती, ती सरळ झाली.

"कळव की. तुझं तोंड कुणी धरलंय? एक मिनिट चाळीस सेकंद दारात उभा होतास. तेवढ्यात माणूस तांब्याभर पाणी आणतंय, न्हाईतर नावानं हाक मारतंय, न्हाईतर निस्ता खोकतंय तरी. तू काय केलंस, तर आधी कोण बोलतंय ते बघत बसलास. पोलिसात मी जात न्हाई. तिथं तू वकील लावशील आणि डबा चुकला म्हणशील. तू कंपनीकडंच जा. जाऊन सांग, बायको मेलीय म्हणून. मग ते इचारतील, कधी मेली, कशी मेली, आणि आठ महिनं तिच्या नावानं सही कोण करालं हुतं. ते समदं तुझ्याच तोंडानं सांग, चारचौघांत सांग. न्हाई सांगितलंस, तर कंपनीच्या कागदावर माझी लेक जित्ती हाय. जित्ती हाय, आणि तिनं तुला टाकलाय. बाईला टाकलेली म्हणताना ह्या मुलखात कुणाची जीभ कधी अडली न्हाई. आता तुला म्हणतील. हेरवाड्याचा श्रेणिक, बायकोनं टाकलेला."